सोयरीक कोणाशी नाही

नाशिकला बिऱ्हाड थाटलं त्याच्या पहिल्याच सकाळी आमचे घरमालक दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी मला विचारलं, "तुम्ही इंग्लंडकडच्या की फ्रान्सकडच्या?"

मी चुलीपुढे बसले होते. लाकडं ओली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि कचेरीला उशीर होतो म्हणून आमचे हे मागे घाई करत होते. पदर सावरत मी म्हटलं, "मी संगमनेरकडची."

"उत्तम," ते म्हणाले. "म्हणजे तटस्थ. तशाच राहा." आणि काखेतली छत्री सावरत निघून गेले.

माणूस वेडा आहे असं माझं तेव्हाच मत झालं. पुढे बरीच वर्षं त्या घरात काढली, पण ते मत बदलावं असं फार थोड्या वेळा वाटलं.

त्यांना सगळे मास्तर म्हणत. जन्मभर शाळेत इतिहास शिकवून ते घरी बसले होते. माघारी मात्र साऱ्या आळीत त्यांचं नाव 'अमेरिका'. "अमेरिका कुठं गेली?" असं कुणी विचारलं तर "नदीवर गेलीय, येईल एवढ्यात," असं उत्तर मिळायचं. मास्तर जन्मात कधी कल्याणच्या पलीकडे गेले नव्हते. गलबतं, बंदरं, खलाशी याशिवाय दुसरं बोलणं नाही, आणि समुद्र म्हणून डोळ्यांनी पाहिलेला नाही. मुंबई काही लांब नव्हती. पण म्हणत, "तिथलं बंदर इंग्रजांचं आहे. ते काय पाहायचं?"

बरं, साऱ्या अमेरिकेचा तरी इतिहास असावा! तोही नाही. स्वातंत्र्याची लढाई संपली की मास्तरांचा इतिहास सुरू व्हायचा, आणि इंग्लंडशी दुसरी लढाई झाली की संपायचा. मधली तेवढी वर्षं. पहिल्या अध्यक्षांना ते 'थोरले' म्हणत आणि पुढच्यांना 'दुसरे', 'तिसरे', 'चौथे'. ऐकणाऱ्याला वाटावं, पेशव्यांच्या घरातल्याच कुणाबद्दल चाललंय. ह्यांनी एकदा हौसेने विचारलं, "मास्तर, पुढे काय झालं त्या देशाचं?" तर मास्तर म्हणाले, "पुढे ते मोठे झाले. मोठ्यांपासून शिकण्यासारखं काही नसतं. इंग्लंड आणि फ्रान्स एकमेकांच्या उरावर बसलेत, आणि मध्ये हा कालचा पोर देश, ना धड आरमार ना खजिना. त्याने कसं जगायचं? ते शिकण्यासारखं."

या साऱ्या विद्येचं सार त्यांनी एका वाक्यात बसवलं होतं, आणि ते वाक्य दिवसातून किती वेळा कानांवर यायचं याला सुमार नव्हता. "देवघेव सर्वांशी, सोयरीक कोणाशी नाही!" दूधवाल्यालाही हेच, भिक्षेकऱ्यालाही हेच. एकदा तर दारावरून तिरडी जात असताना हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं होतं, आणि काकूंनी त्यांना हाताला धरून आत ओढलं होतं.

काकू म्हणजे त्यांची बायको. काकूंबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की स्वर्गात त्यांच्यासाठी वेगळी खोली असेल, आणि त्या खोलीत मास्तर नसतील.

त्या घरात आणखी एक बिऱ्हाड होतं, गुरुजींचं. त्यांच्याकडे रामकुंडावर येणारे यात्रेकरू उतरत. यात्रेकरू आले की त्यांची ओली धोतरं थेट माझ्या दोरीवर. मी काढून ठेवायची, गुरुजींच्या बायकोने परत घालायची, आणि मग आम्हा दोघींची अशी जुंपायची की मागच्या आळीतल्या तांबटांचे ठोके थांबायचे. मी मास्तरांकडे न्याय मागायला गेले. मास्तर अंगणात आले. अंगणाच्या फरशीवर छत्रीच्या टोकाने त्यांनी मला अटलांटिक महासागर दाखवला. मी फ्रान्स, गुरुजींची बायको इंग्लंड.

"दोन्ही पक्षांशी आमची मैत्री आहे," ते म्हणाले.

"पण मास्तर, दोरी माझी आहे!"

"इंग्लंडही हेच म्हणत होतं. समुद्र आमचा."

"इंग्लंड ती ना? मी फ्रान्स ना?"

"फ्रान्सही तेच म्हणत होतं," असं म्हणून ते आत गेले. दोरीवर धोतरं तशीच.

पण खरा कहर झाला तो नळाचा. अंगणात एकच नळ, त्याच्या तोटीवर लाकडी पेटी. एके सकाळी माझी बादली गुरुजींकडच्या कुणीतरी पायाने लवंडली. मी त्यांची भरलेली घागर मोरीत ओतली. पुढचं सांगत नाही. दुपारी पाहते तर नळाच्या पेटीला हे एवढं कुलूप.

"बंदरबंदी," मास्तर म्हणाले. "दोन्ही पक्षांना धडा मिळेपर्यंत."

"आणि तुम्ही हो? तुम्हाला पाणी लागत नाही?"

"तीच तर गंमत आहे! तिसऱ्यांनी आपल्याच बंदरांना कुलूप घातलं. आपलं एक गलबत बाहेर जाऊ दिलं नाही. का? तर आपल्या व्यापाराशिवाय इंग्लंड-फ्रान्सचं अडेल आणि ते वठणीवर येतील."

"मग आले?"

"नाही."

"मग काय झालं?"

"गलबतं धक्क्याला कुजली, खलाशी उपाशी मेले, व्यापाऱ्यांनी तिसऱ्यांना शिव्या घातल्या."

"मग तुम्ही कशाला करताय ते?"

"विचार उदात्त होता," मास्तर म्हणाले.

माझा संताप अनावर झाला. मी म्हटलं, "त्या तिसऱ्यांच्या बायका नळावर पाणी भरत होत्या का?" मास्तर खाली मान घालून म्हणाले, "नाही. त्यांचं पाणी गुलाम भरत. ते पाप होतं, मी झाकत नाही." आणि काकूंच्या हातातली कळशी घेऊन ते स्वतः नदीकडे निघाले. येताना ती अर्ध्या वाटेत सांडली, आणि त्यांनी पुन्हा मागे जाऊन ती भरून आणली. अशा माणसावर धड रागावताही येत नाही, हेच मला सर्वांत असह्य व्हायचं.

त्या दुपारी मास्तरांची मुलगी माझ्याकडे आली. वत्सला. एकुलती एक, माझ्याहून जराशीच लहान, आणि घरात बापाचा इतिहास पाठ असलेलं एकच माणूस. तिने हळूच परसातलं मागचं दार उघडलं आणि म्हणाली, "वहिनी, बंदरबंदीत चोरटा माल कॅनडातून जायचा. चला." मागे तांबटांची विहीर होती. तांबटांच्या सखूबाईंनी आमच्या कळश्या भरून दिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या अमेरिकेला म्हणावं, पाण्याशी नाय खेळू." तेव्हापासून त्या विहिरीचं नाव कॅनडा पडलं. सखूबाईही ते कौतुकाने सांगायच्या.

बंदी उठली ती मास्तरांच्या स्नानामुळे. काकूंनी त्यांच्यापुढे एक तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, "याच्यात बसवा काय ते." कुलूप निघालं. "तिसऱ्यांनीसुद्धा खुर्ची सोडता सोडता बंदी उठवली होती," हे मात्र आम्हाला ऐकावं लागलंच.

गावात तेव्हा विलायती कापडाच्या होळ्या होत होत्या. मुलं दारोदार कपडे मागत फिरत. आमच्या दारात आलेल्या मुलांना मास्तरांनी ओट्यावर बसवलं आणि बहिष्कार आणि बंदरबंदी यांतला फरक समजावायला सुरुवात केली. मुलांनी थोडा वेळ ऐकलं, मग घोषणा दिल्या, मग सरळ "सरकारचा माणूस" म्हणून हिणवलं. मास्तरांनी शांतपणे अंगातला कोट काढून त्यांच्या पोत्यात टाकला आणि उरलेला भाग पूर्ण केला. त्या हिवाळ्यात ते काकूंची शाल पांघरून फिरत होते. एवढं करून काय मिळवलं? मुलं चिडली ती चिडलीच, आणि पोलीसही चौकशी करून गेला.

हे सगळं मी एकवेळ हसण्यावारी नेलं असतं. पण वत्सलाचं लग्न काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मुलगी वीस उलटून गेली. त्या काळी म्हणजे लोक दारावरून जाताना उगीच खाकरायचे. काकूंचं जेवण कमी झालं होतं. स्थळं येत आणि मास्तर ती उधळून लावत. मध्यस्थ आला की त्याला ते नावाने हाकच मारत नसत. क्ष, य, ज्ञ. दुसऱ्यांच्या काळात अमेरिकेचे वकील फ्रान्सला गेले, तर मंत्र्याची भेट व्हायच्या आधीच तिघा मध्यस्थांनी पैसे मागितले, आणि त्यांची नावं अमेरिकेने अशीच अक्षरांनी जगाला सांगितली म्हणे. एका भल्या माणसाला आपण 'ज्ञ' का, हे कधीच कळलं नाही. तो पुन्हा आला नाही.

मग घोटीचं स्थळ आलं. मुलाचे वडील तांदळाचे व्यापारी, मुलगा तिथेच स्टेशनावर तिकीटबाबू. बघायला आले तेव्हा पोहे मीच केले होते, म्हणून सगळं आतून माझ्या कानांनी ऐकलं. मास्तरांनी मुलाला प्रश्न टाकला, "इंग्लंडशी दुसऱ्या लढाईत अमेरिकेला काय मिळालं?"

मुलगा म्हणाला, "मला ठाऊक नाही." मग वत्सलाकडे पाहून, "पण यांना ठाऊक असेल."

वत्सलाने मान वर केली. म्हणाली, "काही नाही मिळालं. जे जिथे होतं ते तिथेच राहिलं. इंग्रजांनी पळवलेल्या ज्या खलाशांच्या पायी लढाई झाली त्यांचं तर तहात नावही नाही. तरी लोकांनी दिवे लावले."

"का लावले?" मुलाने विचारलं.

"लढाई संपली म्हणून."

मुलगा हसला. ते हसू मी दाराच्या फटीतून पाहिलं आणि मला वाटलं, जमलं. तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला. "मुलगी पसंत हाय. आता देण्याघेण्याचं बोलून घेऊ."

मास्तरांचा चेहरा उजळला. "देवघेव? अवश्य! देवघेव आमची सर्वांशी आहे. सोयरीक मात्र कोणाशी नाही."

व्यापाऱ्यांनी बशी खाली ठेवली. "सोयरीक नाय? मग आम्ही आलो कशाला?"

"व्यापाराला. तुमचा तांदूळ उत्तम असतो असं ऐकतो."

काकूंनी आत कपाळावर हात मारला. मध्यस्थाने मास्तरांच्या कानात सांगितलं की देणंघेणं म्हणजे हुंडा. मास्तर ताडकन उठले. "खंडणी!" ते ओरडले. "भूमध्य समुद्रात चाचे असेच गलबतं अडवून खंडणी मागायचे! थोरल्यांच्या वेळी दिली, दुसऱ्यांच्या वेळी दिली, पण तिसऱ्यांनी आरमार धाडलं!"

"आम्ही चाचे?" व्यापारी म्हणाले, आणि टोपी घालून चालते झाले. मुलगा दारात क्षणभर थांबला. मग तोही गेला.

हुंडा द्यायचा नाही, हे त्यांचं म्हणणं सोन्यासारखं होतं. आज मी ते मान्य करते, तेव्हाही केलं होतं. पण सोन्यासारखी गोष्ट असं डोकं फोडून सांगायची असते का? समोरच्याने अजून आकडासुद्धा उच्चारला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून घोटीशी अबोला. घरात त्या गावाचं नाव काढायचं नाही. घोटीचा तांदूळ बंद, आणि नाशिकला येई तो सगळा तांदूळ तिकडचाच. काकू म्हणाल्या, "बंदरबंदी का?" तर म्हणे, "नव्हे, ही आयातबंदी. फरक समजून घ्या." मास्तरांचा जीव वरणभातात, आणि दाढा पडलेल्या. रोज भाकरी ताकात कुस्करून खात आणि चेहरा असा करत, की जणू साऱ्या राष्ट्रासाठी चाललंय.

वत्सला एकदा दोरीवर कपडे घालताना म्हणाली, "वहिनी, त्याने मला विचारलं, 'का लावले?' या घरात मी जन्मभर ऐकत आलेय. मला कुणी पुढचा प्रश्न विचारला नव्हता कधी." आणि पिळलेलं लुगडं तिने पुन्हा एकदा पिळलं. त्या दिवशी मी ठरवलं की तटस्थपणा पुरे झाला.

सखूबाईंचे यजमान भांडी घेऊन घोटीच्या बाजाराला जात. पुढच्या बाजाराला माझ्या सांगण्यावरून सखूबाई स्वतः गेल्या, आणि व्यापाऱ्यांच्या बायकोला एक पातेलं विकून, दोन गोष्टी बोलून आल्या. संध्याकाळी विहिरीवर काकूंना आणि मला म्हणाल्या, "पोरगं घरात तोंड उघडत नाय. बाई म्हणती, हुंडा गेला खड्ड्यात. पण मास्तरांनी एकदा येऊन गोड बोलावं. लय लागलंय आमच्या यांच्या मनाला. मी म्हणलं, येतील."

काकू रडायलाच लागल्या. तह झाला! आता मास्तरांना गोड बोलायला घोटीला कसं धाडायचं, एवढंच उरलं होतं. तो विचार करत आम्ही घरी येतो तर मास्तर काकूंची शाल पांघरून, छत्री घेऊन निघालेले. "शेवटची गाडी धरतो. घोटीला चाललोय. त्या माणसाला एकदा काय ते ठणकावून सांगितल्याशिवाय मला भाकरी गिळवत नाही."

अडवणार कोण? मी ह्यांना तसंच मागे पिटाळलं. म्हटलं, हात धरा, तोंड धरा, काय वाटेल ते करा.

ह्यांनी काहीही धरलं नाही. परत आल्यावर सांगत होते ते असं. मास्तर दुकानात पोत्यांच्या मधोमध उभे राहिले आणि थोरल्यांपासून चौथ्यांपर्यंत सगळं बोलले. चाचे, खंडणी, पळवलेले खलाशी, सगळं. हमाल गोळा झाले. ह्यांना वाटलं, आता मार बसतो. पण व्यापारी गादीवर बसून हसतमुखाने ऐकत राहिले. त्यांना निरोप होता की मास्तर गोड बोलायला येणार. मास्तर आले होते, बोलत होते. तेव्हा यांची गोड बोलायची रीत हीच असणार! मास्तर थांबले तसे ते उठून म्हणाले, "काय समजलं नाय, पण माणूस खरा हाय. चला, पानं वाढलीत." मास्तरांनी तिथे वरणभात खाल्ला. तीन वेळा मागून खाल्ला.

सकाळच्या गाडीने मास्तर आले ते विजयी मुद्रेने. अंगणात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शत्रूने अखेर भात वाढला!" माझ्या हातात लाटणं होतं. ते मी कसं आवरलं, देव जाणे.

वत्सला पुढे झाली. "बाबा, ती दुसऱ्या लढाईतली सर्वांत मोठी चकमक. तह झाल्यावर झाली ना ती? बातमी पोचली नव्हती म्हणून?"

"अर्थात! तह तिकडे युरोपात झाला, आणि ही इकडे—" मास्तर थांबले. "का?"

"तुमच्या आधीच तह झाला होता, बाबा."

"कुठून?"

"कॅनडातून."

मास्तर पायरीवर बसले. माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. मला वाटलं, आता पुन्हा थोरले येणार. पण ते म्हणाले, "म्हणजे ठरलं."

"ठरलं, बाबा."

"म्हणजे तू जाणार."

मागच्या आळीत तांबटांचे ठोके चालू होते. मास्तरांनी प्यायला पाणी मागितलं, आणि तांब्या हातात घेऊन न पिता तसेच बसून राहिले. इतकी वर्षं उधळलेली स्थळं, ते क्ष आणि ते ज्ञ, ती खंडणी, सगळं मला त्या एका क्षणात नीट दिसलं. आणि मग तर मला त्यांचा आणखीनच राग आला. हे आधी सांगायला काय झालं होतं या माणसाला? एक साधं वाक्य! त्यासाठी सबंध अमेरिका कशाला मध्ये घातली?

लग्न चांगलं झालं. व्याहीभेटीच्या वेळी मास्तरांनी छत्री खाली ठेवली नाही, त्यामुळे घोटीच्या व्याह्यांना ती बरगडीत लागली. तांदूळ व्याह्यांनीच आणला होता. गुरुजींनी मंगलाष्टकं म्हटली, आणि यात्रेकरूंची धोतरं त्या दिवशी कुठे वाळत होती कुणास ठाऊक, माझी दोरी मोकळी होती.

निघताना टांगा दारात उभा राहिला. वत्सला वाकली, तसा मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी बोललं पाहिजे म्हणून म्हणाले, "देवघेव सर्वांशी..." आणि पुढचं वाक्य येईना. साऱ्या आळीला पाठ असलेलं वाक्य! सगळे वाट पाहत राहिले.

वत्सलाच म्हणाली, "बाबा, घोटी काही परराष्ट्र नाही. सकाळच्या गाडीने निघालं की जेवायला पोचता येतं."

"राष्ट्र नाही गं," मास्तर म्हणाले. "पण पर आहे."

टांगा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली घेऊन अंगणात आले तर नळाच्या पेटीला कुलूप. गुरुजींची बायको घागर घेऊन तिथेच उभी. मला वाटलं, हिने काही केलं. तिला वाटलं, मी. मग मी तरातरा जाऊन मास्तरांचं दार वाजवलं. काकूंनी दार किलकिलं केलं. डोळे सुजलेले होते.

"काकू, आज कुणाचं भांडण? आज तर कुणी काही—"

"कुणाचं नाही," काकू म्हणाल्या. "आजचा दिवस असू दे."

मी मागे वळले. गुरुजींच्या बायकोने ऐकलं होतं. तिने मुकाट्याने घागर काखेला घेतली आणि परसातलं मागचं दार माझ्यासाठी उघडून धरलं. आम्ही दोघी कॅनडाच्या वाटेला लागलो. येताना काकूंची कळशीही भरून आणली.